संबंधित व्यक्ती

थोरली ज्या कंपनीत होती ती दुकानांसाठी, शाळांसाठी, बसगाड्यांसाठी, कोण म्हणेल त्याच्यासाठी ॲप बनवून द्यायची. त्यातलं एक काम मात्र थोरलीनं आपणहून मागून घेतलं होतं. ते होतं किडनी बदललेल्या पेशंटांचं ॲप. गोळी कधी घ्यायची, रक्त कधी तपासायचं, मागच्या खेपेला आकडा किती आला होता, हे सगळं त्यात दिसायचं. ते इस्पितळ तिला नवीन नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला तिथंच दुसऱ्याची किडनी बसवली होती आणि तो मरणाच्या दारातून परत आला होता.

दुसऱ्याची म्हणजे कोणाची, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "जिवंत माणसानं राजीखुशीनं दिली आहे, आणि आपलं नाव कळू नये अशी त्या माणसाची अट आहे," एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आईनं खूप खोदून विचारलं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी आईनं त्या अनोळखी माणसासाठी एक नेम धरला. रोज सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्याही आधी, ती म्हणायची, "ज्यानं माझं लेकरू जगवलं त्याचं भलं होवो." सहा वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

ॲप आधीच्या लोकांनी बांधून ठेवलेलं होतं, आणि थोरलीच्या मते ते अगदीच गबाळं होतं. पडद्यावर सगळ्यांत वर एक मोठी चौकट, तिच्या पोटात पानं, पानांच्या पोटात खण, खणांच्या पोटात आणखी बारीक खण. पेशंटची माहिती वरच्या चौकटीकडं यायची आणि तिथून हातोहात खाली जायची, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादली पोचवावी तशी. मधल्या खणांना त्या माहितीचा काडीचा उपयोग नसे, तरी त्यांनी ती उचलायची आणि पुढं द्यायची. मध्येच एकानं हात आखडला की शेवटचा खण कोरडा.

थोरलीनं ती रांगच मोडली. पेशंटची नोंद वरच्या चौकटीत एके ठिकाणी ठेवली आणि आतल्या प्रत्येक खणाला, तो कितीही खोल असो, तिथून हवं ते थेट उचलायची मुभा दिली. तीन आठवडे ती या कामात मान मोडून बसली होती. जिथं चाळीस ओळी होत्या तिथं चार उरल्या.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. काम बाहेर जाण्याआधी तपासून घेणं ही त्याची नोकरी, आणि स्वभावही तोच, म्हणून त्याला सगळे शंकासूर म्हणत. त्यानं नेहमीप्रमाणं खोट काढली.

"अख्खी नोंद उघडी ठेवलीस? ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं ना."

"सगळे खण आपलेच आहेत," थोरली म्हणाली. "घरातल्या घरात कसला आलाय पडदा?"

"घरातल्या घरातच लागतो खरं तर," तो म्हणाला. पण त्यानं बनवलेल्या वीसही खोट्या पेशंटांवर ॲप नीट चाललं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं सही केली. त्या वीस जणांना वय होतं, वजन होतं, गोळ्या होत्या, बायका-मुलं होती. त्यांना किडनी कोणी दिली, हे लिहायचं मात्र शंकासुराच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेअकराला नवं ॲप पेशंटांच्या फोनवर गेलं. थोरलीनं पहिला निरोप धाकट्याला धाडला: उघडून बघ, आणि खोटी स्तुती करू नकोस.

बाराच्या सुमाराला ती डबा उघडून बसली, तोच त्याचा फोन आला.

"ताई, जेवतेस का?"

"बोल ना. कसं वाटलं?"

"चांगलं आहे. पटकन उघडतं. खाली एक खण आहे बघ. 'संबंधित व्यक्ती' म्हणून."

"हो. अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, ते असतं त्यात. माझं आणि आईचं नाव असेल."

"आहे. तिसरं नाव आत्याचं आहे."

"कुठल्या आत्याचं?"

"आपल्याला आत्या किती आहेत, ताई?"

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

"सासरच्या आडनावानिशी अख्खं नाव आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज सपाट झाला होता. "आणि नावाखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'दाता'. दाता म्हणजे काय, ताई?"

दाता म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. थोरलीलाही होतं. तिच्या कानात नुसतं सूं सूं होऊ लागलं, विहिरीत डोकावल्यावर होतं तसं.

या आत्याचं नाव त्यांच्या घरात निघत नसे. वडिलांनाही हाच आजार होता. तेव्हा थोरली सतरा वर्षांची होती आणि धाकटा नऊ. वडिलांची ही एकुलती धाकटी बहीण. तिची किडनी जुळली, ती हो म्हणाली, तपासण्या झाल्या, तारीख ठरली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई इस्पितळाच्या फाटकाशी तिची वाट बघत उभी राहिली. दहा वाजले, अकरा वाजले. आत्या आली नाही. ना निरोप, ना फोन. दुपारी वडिलांना पुन्हा खोलीत आणलं. त्यानंतर ते आठ महिने जगले. त्या दिवसापासून दोन घरांत विस्तवही जात नव्हता. आत्या एकदा दाराशी आली होती. आईनं तिला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं होतं.

आणि रोज सकाळी आई जिचं भलं मागत होती, ती ही.

थोरलीला हे एवढं कळायला दोन-तीन श्वास लागले असतील. चौथ्या श्वासाला तिला दुसरी गोष्ट कळली, आणि मग ती खुर्चीतून उठलीच. धाकट्याला दिसलं, म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. ज्या ज्या पेशंटला कोणी नाव लपवून किडनी दिली होती, त्या प्रत्येकाच्या फोनवर या घटकेला ते नाव उघडं पडलं होतं.

"फोन ठेव," ती धाकट्याला म्हणाली. "आईला आत्ताच काही सांगू नकोस."

मग ती शंकासुराकडं वळली. "ॲप बंद कर. आत्ताच्या आत्ता. दात्यांची नावं दिसतायत."

आयुष्यात पहिल्यांदाच शंकासुरानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याची बोटं चालू लागली. बारा वाजून तेरा मिनिटांनी ॲप बंद झालं. त्रेचाळीस मिनिटं ते चालू होतं.

काय झालं होतं ते शोधायला वेळ लागला नाही. 'संबंधित व्यक्ती' हा सगळ्यांत आतला, बोटभर खण. पूर्वी मधल्या रांगेतून त्याच्यापर्यंत फक्त घरच्यांची नावं पोचत. दात्याचं नाव वरच्या चौकटीपर्यंत तेव्हाही येत होतं, पण ते खाली कोणी देतच नव्हतं. इस्पितळाच्या यंत्रणेनं ते पाठवायलाच नको होतं, हे खरं. पण इतकी वर्षं ते झाकलेलं राहिलं होतं ते त्या गबाळ्या रांगेमुळं, आणि रांग थोरलीनं मोडली होती. आता तो खण थेट वर गेला आणि पेशंटशी संबंधित म्हणून जी जी नावं नोंदीत सापडली, ती सगळी त्यानं इमानदारीत मांडून ठेवली.

टीमची प्रमुख ही पन्नाशीची बाई होती. तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, "किती लोकांनी उघडलं?"

"सतरा," शंकासूर म्हणाला. "त्यातल्या नऊ जणांना दात्याचं नाव दिसलं."

"नऊ," प्रमुख म्हणाली आणि तिनं आकडा कागदावर लिहून घेतला.

"त्या नवांत माझा भाऊ आहे," थोरली म्हणाली. "त्यानं सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर संध्याकाळपर्यंत कळलं नसतं."

"मीही सही केलीय," शंकासूर म्हणाला.

"तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही," थोरली म्हणाली.

प्रमुखानं दोघांना गप्प केलं आणि इस्पितळाला फोन लावला. पुढचे तीन तास थोरली घडलेलं सगळं क्रमानं लिहून काढत होती. काय बदललं, का बदललं, कोणी शंका काढली होती आणि आपण तिला काय उत्तर दिलं, तेही. तिनं ते उत्तर खोडलं नाही. मध्येच इस्पितळातून निरोप आला. नऊ जणांपैकी एक पेशंट तिथं येऊन बसला होता आणि माझ्या दात्याचा पत्ता द्या म्हणून हटून बसला होता. तिथल्या समन्वयक बाई त्याची समजूत काढत होत्या. नऊच्या नऊ दात्यांना त्या स्वतः फोन करणार होत्या.

म्हणजे आत्यालाही फोन जाणार होता.

संध्याकाळी थोरली घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. नळ बारीक चालू होता आणि तिचं लक्ष नव्हतं. धाकटा दाराच्या चौकटीत उभा होता.

"मला नाही राहवलं," तो थोरलीला म्हणाला. "ती नुसती विचारत राहिली, तुझा चेहरा असा का."

थोरलीनं नळ बंद केला. आई रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं थोरलीला वाटलं. दगडासारखी बसून ती एकाच गोष्टीकडं बघत होती, म्हणजे धाकट्याच्या पोटाकडं, उजव्या बाजूला, जिथं व्रण होता तिथं.

"काढून टाकता येते का?" आईनं विचारलं.

"आई, काय बोलतेस?"

"मी विचारते आहे," ती म्हणाली, आणि मग आपण काय विचारलं ते तिचं तिलाच कळलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी धरला आणि उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं कान देऊन ऐकलं. आईनं उठून सरळ चूळ भरली.

समन्वयक बाईंनी सांगून ठेवलं होतं की दात्यानं हो म्हटल्याशिवाय भेटू नका. शनिवारी त्यांचा फोन आला. "त्या म्हणाल्या, कळलंच आहे तर येऊ द्या दोघांना. पण त्या खूश नाहीत, हे लक्षात ठेवा."

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एक खोली, दोन मशिनं, भिंतीला रांगेनं टांगलेले दुसऱ्यांचे कोट. सोळा वर्षांत ती बारीक झाली होती आणि वडिलांसारखी दिसू लागली होती. आत्यानं धाकट्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं, आणि मग ती थोरलीकडं वळली.

"मी एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली. "सहा वर्षं इस्पितळानं ती पाळली. बाईंनी सांगितलं, ॲप तू केलंस. तुझ्याच हातून मोडायची होती का?"

"माझ्याच हातून मोडली, आत्या. चूक माझीच आहे."

"चूक म्हणतेस, मग मी काय म्हणायचं?" तिनं मशिनवरचा कपडा उचलला, पुन्हा ठेवला. "तुम्हांला वाटत असेल, आभार नकोत म्हणून लपवलं. तसलं काही नाही. त्या वेळी मी घाबरले. माझी पोरं लहान होती, नवरा बोटीवर असायचा, हे सगळं मी लोकांना सांगितलं, पण खरं एवढंच की मी घाबरले. बस पकडायला निघाले आणि थांब्यावर बसून राहिले. चार बसा गेल्या. भाऊ गेला तो माझ्यामुळं, असं वहिनी म्हणतात, ते मी कधी नाकारलं नाही."

"मग याला दिलीस ती..." थोरली म्हणाली.

"याला दिली ती याच्यासाठी दिली. त्यानं जुनं फिटत नाही. वहिनींना कळलं असतं तर त्यांनी घेऊ दिली नसती. आणि घेतली असती, तर मला माफ करावं लागलं असतं त्यांना. लेकराचा जीव समोर धरून कोणाकडून माफी काढायची का? त्यांचा राग खरा होता. तो त्यांच्यापाशी राहू द्यायचा होता मला."

घडलं ते चुकीचं, हे थोरलीला बुधवारपासून ठाऊक होतं. पण त्या चुकीतून निदान आपल्या घरापुरतं काहीतरी चांगलं निघेल, अशी एक आशा ती मनात दडवून होती. ती या बाईनं दोन वाक्यांत उपटून टाकली.

स्टुलावर बसलेला धाकटा म्हणाला, "तुझी तब्येत बरी असते का, आत्या?"

आत्याचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "असते. रक्तदाब चढतो थोडा. वर्षातनं एकदा तपासायला जाते, मंगळवारी. तुझा वार गुरुवार, ते मी आधी विचारून घेतलं होतं."

"एकटी जातेस?"

"मग काय वाजतगाजत जाऊ?" ती म्हणाली, आणि धाकटा हसला, आणि हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत्या त्याच्याजवळ गेली नाही. मशिनवरून एक स्वच्छ फडकं तेवढं तिनं त्याच्याकडं सरकवलं.

निघताना तिनं थोरलीला हाक मारली. "बाकीची आठ माणसं आहेत म्हणे. त्यांचं काय केलंस?"

"सगळ्यांना पत्रं लिहिली. इथून पुढं दात्याचं नाव इस्पितळाच्या बाहेरच पडणार नाही. आणि प्रत्येक खणाला लागेल तेवढंच मिळेल, असं केलं आहे. मी नाही, माझ्या शेजारच्या टेबलावरच्यानं केलं. मला त्या कामावरून काढलं."

"बरं केलं," आत्या म्हणाली.

घरी आई चौदा दिवस त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. थोरलीनं आत्याचं बोलणं शब्द न् शब्द तिच्या कानावर घातलं, तेव्हाही ती फक्त ऐकत राहिली. पंधराव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना तिनं विचारलं, "याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ती तिथंच होती?"

"हो. वरच्या मजल्यावर."

"मी खाली बाकावर बसले होते. दिवसभर." तिनं एका सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तिच्यापाशी कोण होतं?"

"कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी दुकानातली बाई घरी न्यायला आली, म्हणाली."

आईनं उरलेले कपडे तसेच टाकले. "मला तिचं दुकान दाखव," ती म्हणाली.

"आई, आधी विचारायला हवं. नको म्हणाली तर?"

"मग विचार. पण नको म्हणाली तर पुन्हा विचार."

आत्या पहिल्यांदा नको म्हणाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती फोनवर म्हणाली, "चारनंतर गिऱ्हाईक कमी असतं."

दुकानाच्या दाराशी आईनं थोरलीचा हात सोडला. आत्या उठून उभी राहिली. दोघींमध्ये मशिन होतं.

"तू त्या दिवशी आली नाहीस," आई म्हणाली. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"विसरू नका, वहिनी."

"आणि माझ्या पोराला दिलीस, तेही."

आत्याचा एक हात मशिनच्या चाकावर होता आणि चाक नकळत थोडं मागं, थोडं पुढं फिरत होतं. आईनं इकडंतिकडं पाहिलं, धाकटा बसला होता तेच स्टूल ओढलं आणि टेकली. थोरली आत येऊ लागली तशी आई मान न वळवता म्हणाली, "तू बाहेर थांब."

थोरली बाहेर फूटपाथवर उभी राहिली. काचेतून तिला दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. एक गिऱ्हाईक आलं, पँट देऊन गेलं. आत्यानं चिठ्ठी फाडून दिली आणि पुन्हा येऊन बसली. मग आई बोलू लागली. आत्यानं एकदा मान हलवली, एकदा मोठ्यानं काहीतरी म्हणाली, आणि एकदा दोघी एकदम बोलून एकदम थांबल्या.

पावणेसहाला आई बाहेर आली. डोळे सुजले होते, पण चाल नेहमीसारखी भराभर.

"काय म्हणाली?" थोरलीनं विचारलं.

"भांडली माझ्याशी. म्हणाली, तुम्ही का आलात." आई रस्ता ओलांडायला गाड्या बघत होती. "येत्या मंगळवारी तिची यंदाची तपासणी आहे. मी जाणार आहे बरोबर."

"ती हो म्हणाली?"

"नाही," आई म्हणाली. "नऊ वाजता असते म्हणे. मी साडेआठला जाऊन बसेन."